झाकणावरचं कोडं

२ मे. सकाळपासून पिंपं घासते आहे.

दोन निळी प्लास्टिकची पिंपं. एक आमचं, एक पलीकडच्या सेलूकर काकांचं. गेली काही वर्षं दोन्ही आमच्या गच्चीवर उपडी पडून होती. पाऊस बरा झाला की माणूस सगळ्यात आधी पिंपाला विसरतो. एकाच्या आडोशाला कबुतरांनी संसार मांडला होता. त्यांना नोटीस न देताच हलवलं. काल कॉलनीच्या ग्रुपवर निरोप आला होता, ‘परवापासून टँकर’. त्याखाली सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. कुणाला जोडले ते कळलं नाही, टँकरवाल्याला असावेत.

आमचं पिंप मी काथ्यानं खसाखसा घासलं. काकांचंही घासलं. काकांच्या पिंपाच्या झाकणाशी आल्यावर मात्र हात हळू झाला. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं आखलेले चौकोन आहेत. उन्हानं रंग पिवळा पडलाय, पण रेषा अजून सरळ आहेत. त्या सरळ असणारच. मी पॉलिटेक्निकमध्ये इमारतींचं ड्रॉइंग शिकवते आणि त्या रेषा मी मारलेल्या आहेत. बाकी त्या उन्हाळ्यात सरळ असं फारसं काही नव्हतं.

आम्ही गारखेड्याच्या पलीकडे, बीड बायपासच्या अंगाला राहतो. प्लॉट घेतला तेव्हा चहूकडे ज्वारी होती. एजंटानं मोठ्या अभिमानानं एक विहीर दाखवली होती. आता त्या विहिरीवर मोबाइलच्या दुकानांचे गाळे आहेत. पुढं अपार्टमेंटं उठली. त्यांची नावं बघावीत, निर्झर, सरिता, जलतरंग. ज्या इमारतीच्या नावात जितकं पाणी जास्त, तिच्या दारात टँकर तितका आधी उभा राहायचा. नळाची पाइपलाइन आमच्यापर्यंत यायची होती. ती अजूनही येते आहे.

तर त्या दुष्काळाच्या वर्षी जायकवाडीत नुसता गाळ उरला होता आणि आम्ही एक दिवसाआड टँकरची वाट बघत सेलूकर काकांच्या फाटकाशी, कडुनिंबाखाली उभे असायचो. पूर्ण गल्लीत सावली तेवढीच. तिथंच काकांचं पिंप. सेलूकर काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाटबंधारे खात्याचा माणूस पाण्याच्या रांगेत उभा, ही गंमत गल्लीनं वाया घालवली नाही. टँकरचा ड्रायव्हर कुंडलिक तर रोज विचारायचा, “काका, तुमच्या खात्यानं एवढी धरणं बांधली, मग तुमच्या दारात माझी गाडी का वं?”

 काका रविवारची पुरवणी वाचत असत. आठवडाभर रविवारचीच. कारण तिच्या शेवटच्या पानावर एक शब्दकोडं यायचं, आणि ते साधं नव्हतं. ‘फुलाचा एक प्रकार’ असलं काही त्यात नसायचं. सूत्र वाचावं तर सरळ वाक्य वाटायचं, पण ते वाक्य थापा मारत असायचं. अर्धा भाग शब्दाचा अर्थ सांगायचा, अर्धा भाग शब्द कसा जोडायचा ते सांगायचा, आणि कुठला अर्धा कुठला हे आपण ओळखायचं. रचणारा ‘कोळी’ या नावानं रचायचा. हा कोळी कोण हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. काकांच्या मते तो निवृत्त न्यायाधीश असावा. माझ्या मते कुणीतरी घरच्यांनी बोलणं टाकलेला माणूस असावा.

एका सकाळी काका स्वतःशीच पुटपुटत होते, “गरिबाला उलटं केलं की वाहते. दोन अक्षरं.”

मागून आवाज आला, “नदी.”

आवाज शकीलाआपांचा. आपा कोपऱ्यावरच्या गादी-रजईच्या दुकानाच्या मालकीण, राहायला आमच्याच ओळीत. तोवर आपा आणि काका दोघं ‘आज टँकर येणार का’ यापलीकडे एकमेकांशी बोललेले मला आठवत नाही.

काकांनी चष्मा वर केला. “नदी कशी?”

“कशी म्हणजे? गरीब तो दीन. उलटा करो, नदी.”

“दीन शब्द तुम्हाला बरा सुचला.”

“आमच्यात दीन म्हणजे धरम, काका. तो उलटा करत नाहीत. म्हणून तुमचा घेतला.”

काकांनी पेन्सिलीनं दोन अक्षरं भरली. मग आपांना विचारलं, “तीन आडवं बघता का?” झालं. अशा रीतीनं आमचं मंडळ स्थापन झालं. उद्घाटन नाही, नारळ नाही.

मी त्यात कशी ओढले गेले? मला पुरवणीतली एवढीशी अक्षरं दिसेनात आणि तिघांनी एका कागदात डोकी घातली की कुणाचं तरी कुणाला लागायचं. मला अशी अडचण दिसली की ती सोडवल्याशिवाय चैन पडत नाही. काकांच्या पिंपाचं झाकण चांगलं रुंद होतं. मी पट्टी आणली, उरलेला ऑइलपेंट आणला, चौकोन आखले. अक्षरं खडूनं लिहायची. कोड्यातली काळी घरं दर आठवड्याला बदलतात, त्यासाठी आपांनी दुकानातून पिशवीभर चिंचोके आणले. ज्या घरात चिंचोका, ते घर काळं. रविवारी काका चिंचोके मांडायचे, आम्ही टँकरच्या दिवशी झाकणाभोवती उभं राहून अक्षरं भरायचो. चहाची सोय आळीपाळीनं, आणि चहाला पाणी ज्याचं पिंप त्या वेळी भरलेलं असेल त्याच्या घरचं.

नियम हळूहळू ठरत गेले. काकांचा पहिला नियम फोडीचा. नुसतं उत्तर चालायचं नाही. ते कसं आलं याची फोड सांगायची, तीही तिघांना पटेल अशी. फोड न सांगता जो उत्तर फेकेल त्याची घागर रांगेत एक जागा मागं. हा नियम रांगेतल्या इतर बायकांना फार आवडला. त्यांना कोड्यात काडीचा रस नव्हता, पण आमच्या घागरी मागं जाताना त्या टक लावून बघायच्या. “मॅडम, आज काय फेकलं वाटतं?” असं आपली कळशी पुढं सरकवत विचारायच्या.

माझी घागर सर्वांत जास्त वेळा मागं गेली. मला उत्तर आधी दिसायचं, कारण नंतर. ड्रॉइंगमध्येही तसंच होतं. पूल कुठं पडणार ते दिसतं, का ते आकडेमोडीनं मागून कळतं. माझं पहिलं बिनचूक, फोडीसकट उत्तर मला अजून आठवतं. ‘वार उलटवा, शिरा करा.’ दोन अक्षरं. रवा. वार उलटा केला की रवा, आणि रव्याचा शिरा. मी एवढी खूश झाले की घरी येऊन खरंच शिरा केला. नवऱ्यानं विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, तीन उभं. तो जेवत राहिला. आमच्याकडे दोघांपैकी एकानंच एका वेळी वेडं व्हायचं असा अलिखित करार आहे.

आणि ते ‘अर्ध्या पावापुढे ऊस ठेवला, तरी येईना.’ तीन अक्षरं. मी बेकरीत फिरत होते. काका साखर कारखान्यात. आपांनी पदरानं कपाळ टिपलं आणि वर बघितलं. वर अर्थातच काही नव्हतं, नुसतं पांढरं आभाळ.

“पाऊस,” आपा म्हणाल्या. “पाव का आधा पा. पुढं ऊस. आणि येईना, ते तर दिसतंयच.”

काकांनी अक्षरं लिहिली, पण खडू हातातच राहिला. “चूक आहे,” ते म्हणाले. “फोड बरोबर, क्रम चूक. आमच्या खात्यात ऊस आधी, पाऊस नंतर.” एवढ्या वर्षांच्या नोकरीबद्दल काकांच्या तोंडून मी ऐकलेलं ते एकच वाक्य.

दुसरा नियम झाकणाचा. तो अनुभवातून आला. एकदा पिंप भरायला झाकण काढून काकांनी भिंतीला टेकवलं. चिंचोके सगळे घरंगळले, आणि कुणाची तरी बकरी येऊन खडूची अक्षरं चाटून गेली. आठवड्याचं काम बकरीच्या पोटात. त्या दिवशी काकांनी जाहीर केलं की यापुढं कोडं पुरं सुटल्याशिवाय झाकण उचलायचं नाही. तोवर पाणी? तोवर कोडं लवकर सोडवायचं. हा नियम किती धोक्याचा आहे हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण त्यानंतरची तीनचार कोडी आम्ही टँकर यायच्या आत सोडवली. यश डोक्यात जातं ते असं.

काकांचा मुलगा शिरीष पुण्यात. बाराव्या का तेराव्या मजल्यावर. काकू गेल्यापासून तो काकांना तिकडं बोलावत होता आणि काका टाळत होते. एकदा जाऊन आले होते. काय वाईट आहे विचारलं तर म्हणाले, “वाईट काहीच नाही. पुरवणी येत नाही.” खरंच, ती पुरवणी फक्त मराठवाड्याच्या आवृत्तीत निघायची. आम्ही हसलो. पण काकू गेल्यानंतर काका दिवसभरात जे काय बोलायचे ते त्या झाकणाभोवतीच, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. त्यावर आम्ही कधी चर्चा केली नाही. काय करायची?

शिरीष रोज संध्याकाळी फोन करायचा. “बाबा, पिंप भरलं का?” काका म्हणायचे, भरलं. शेवटी त्यानं सांगून टाकलं, “रविवारी दहाला येतो. पिंप स्वतः उघडून बघणार. रिकामं दिसलं तर बॅग भरायची आणि गाडीत बसायचं. कबूल?”

“कबूल,” काका म्हणाले. आणि आम्हाला सांगताना म्हणाले, “शनिवारी टँकर आहे. चिंता नाही.”

शनिवार उजाडला. त्या आठवड्यात झाकण उचललंच गेलं नव्हतं, काकांनी नुसत्या घागरींवर भागवलं होतं. टँकर यायची वेळ झाली आणि झाकणावर एक शब्द सोडून सगळं भरलेलं. राहिलेलं सूत्र असं होतं, ‘कानामागून सगळ्यात पहिली आली आणि धार लावू लागली.’ तीन अक्षरं. मधलं न, ते उभ्या शब्दातून आलेलं. रविवारच्या पेपरात उत्तर छापून येणार, म्हणजे स्वतः सोडवायला आजचाच दिवस.

आता, ‘कानामागून आली’ एवढं ऐकलं की पुढं ‘आणि तिखट झाली’ हे आपोआप येतं. मराठी माणसाचं हे असंच आहे, म्हण सुरू झाली की तो ऐकायचं थांबवतो आणि ती पुरी करून टाकतो. आम्ही सगळे तिखटाच्या मागं लागलो. मी मिरची म्हटलं. मध्ये न नव्हता. काकांनी सुनांचे सगळे प्रकार काढले.

“मागून येऊन धार लावणारी म्हणजे माझी धाकटी जाऊ,” आपा म्हणाल्या. “पण तिचं नाव कोळ्याला कुणी सांगितलं?”

“नावात न आहे का?” काकांनी गंभीरपणे विचारलं.

“नै ना काका. असतं तर कधीच लिहिलं असतं.”

तेवढ्यात टँकर वळला. आमच्या दोघींची घरं ओळीच्या सुरुवातीला, त्यामुळे आमची पिंपं भरून झाली, आणि कुंडलिक जाडजूड पाइप ओढत काकांच्या पिंपाशी आला.

“काका, झाकण काढा.”

“थांब. एकच राहिलंय.”

“एकच काय?”

“एक शब्द.”

“शब्द प्यायचा हाय का?” कुंडलिकनं पाइप खांद्यावर टाकला. “बाजूला ठेवा की ते झाकण. लई गाड्या मारायच्यात आज.”

“बाजूला ठेवता येत नाही. चिंचोके हलतात.”

कुंडलिकनं माझ्याकडं बघितलं. शिकवणारी बाई, हिला तरी अक्कल असेल, अशा नजरेनं. मी झाकणाकडं बघत होते. माझ्या डोक्यात तेव्हा ‘वानर’ चालू होतं. वानराच्या मध्ये न आहे.

“बरं,” तो म्हणाला, “पुढची गल्ली मारून येतो. तवर सोडवा काय सोडवायचं ते.”

“ये ये,” काका म्हणाले. त्यांनी वरही बघितलं नाही.

पुढच्या गल्लीत त्याच महिन्यात एका नव्या अपार्टमेंटात लोक राहायला आले होते. हे आम्हाला माहीत होतं. त्यांच्या दारावरची तोरणं आम्ही बघितली होती. पण नवी माणसं आली की ती पाणीही पितात, हा हिशेब त्या सकाळी तिघांपैकी कुणाच्याच डोक्यात आला नाही. थोड्या वेळानं टँकर परत आला तो खडखड वाजत. रिकाम्या टँकरचा आवाज ओळखू येतो. कुंडलिकनं खिडकीतून हात बाहेर काढून पंजा उलटा करून दाखवला आणि गाडी बायपासकडे गेली.

काकांच्या हातात खडू होता. आपांच्या हातात चहाचा रिकामा कप. मी म्हटलं, “वानर नाहीच.”



संध्याकाळी मी आणि आपांनी जे केलं त्याला फसवणूक म्हणता येईल. मी त्याला नियोजन म्हणते. आमच्या दोन घरांतून जेवढं पाणी निघण्यासारखं होतं तेवढ्यानं पिंपाचा तळही जेमतेम भिजला असता. शिवाय झाकण उचलायला काका तयार नव्हते. “सकाळपर्यंत सुटेल,” म्हणत होते. पण तेच पाणी पसरट भांड्यांत ओतलं तर घर भरलेलं दिसतं. हे साधं भूमितीचं आहे. आम्ही काकांची परात भरली, कढया भरल्या, कुकर भरला, देवाची तांब्याची भांडी भरली. आपांनी हिंडून हिंडून काचेची फुलदाणी शोधून काढली, तीही भरली.

“आपा, फुलदाणी कशाला?”

“नजर पडली पाहिजे ना. आल्या आल्या समोर पाणी दिसलं की माणूस पिंपाकडं जात नाही.”

रविवारी शिरीष दहाच्या आधीच आला. सज्जन मुलगा. हातपाय धुवायला मोरीत गेला, तर तिथं बादली भरलेली, तांब्या भरलेला, साबणाची डबीसुद्धा भरलेली. तो बाहेर आला. परातीकडं बघितलं. कढयांकडं बघितलं.

“बाबा, कुकरमध्ये नुसतं पाणी का आहे?”

“असू दे,” काका म्हणाले.

“आणि फुलदाणीत पाणी आहे, फुलं कुठं आहेत?”

मी आणि आपा सहज आल्यासारख्या दारात उभ्या होतो. सहज आल्यासारखं उभं राहणं फार अवघड असतं. शिरीषनं आमच्याकडं बघून नमस्कार केला आणि सरळ फाटकाबाहेर गेला. निंबाखाली पिंप उभं होतं. झाकणावर खडूची अक्षरं, चिंचोके आणि मधे अर्धवट एक शब्द. पायरीवर त्या दिवशीचा पेपर, रबर न काढलेला. कोडं सुटेपर्यंत नवा पेपर उघडायचा नाही हाही काकांचाच नियम.

त्यानं झाकण उचललं.

चिंचोके खाली पडले. एकेक टपटप आवाज आला. पिंपात कोरडा निळा अंधार होता. आणि शिरीष “आई गं” म्हणून बोट चोखायला लागला. पिंपाची कड त्याला चांगलीच लागली होती. बंद तोंडाचं पिंप आणून वरचा भाग मीच आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कापून घेतला होता.

“काय धार आहे याला,” तो चिडून म्हणाला. “असलं पिंप वापरता तुम्ही? एक कानस नाही का कुणाकडं?”

आम्ही तिघंही गप्प झालो. शिरीषला वाटलं असणार की शरमेनं.

आपांनी बोटांवर मोजलं. “का. न. स.”

“कान,” काका सावकाश म्हणाले. “त्याच्या मागून...”

“सगळ्यातली पहिली,” मी म्हटलं. “सगळ्यातलं पहिलं अक्षर. स.”

“आणि धार लावू लागली. करवतीला लावतात ना?” आपांनी विचारलं.

“करवतीला कानसच लावतात.” हे मी सांगत होते. जिच्या वर्कशॉपमध्ये भिंतभर कानशी टांगलेल्या आहेत ती मी.

“म्हणीचं काही नव्हतंच त्यात,” काका म्हणाले. “काय माणूस आहे हा कोळी.” आणि ते हसले. काकू गेल्यानंतर मी त्यांना असं दात दिसेपर्यंत हसताना पहिल्यांदाच बघितलं.

शिरीष झाकण हातात धरून उभा होता. “बाबा,” तो म्हणाला, “पिंप रिकामं आहे.”

“हो,” काका म्हणाले. “पण सुटलं.”

मग त्यांनी पायरीवरचा पेपर उचलला, रबर काढलं, उत्तर बघितलं. बरोबर होतं. पेपराची घडी घातली आणि आत जाऊन बॅग भरायला लागले.  कबूल म्हटलं होतं, आणि शब्दाच्या बाबतीत काकांशी कोण वाद घालणार? निघताना ते निंबाखाली वाकले, चिंचोके वेचून शर्टाच्या खिशात टाकले आणि गाडीत बसले. आपांनी पराठ्यांचा डबा खिडकीतून आत दिला. गाडी गेल्यावर आपा मला म्हणाल्या, “त्या कढयांतलं पाणी आता काय करायचं?” आम्ही ते निंबाला घातलं.

पुढचे दोन रविवार मी आणि आपांनी कोडं करायचा प्रयत्न केला. दोघीच होतो, तर फोड मागायला कुणी नव्हतं. उत्तरं भराभर आली. मजा नव्हती. आपांनी एकदा चक्क चुकीचं उत्तर लिहिलं आणि मी ते चालवून घेतलं. त्या दिवशी आम्ही झाकण धुऊन टाकलं.

तिसऱ्या आठवड्यात शिरीषचा फोन आला. “वंदनाताई, बाबा लिफ्टमध्ये लोकांना कोडी घालतात.”

“मग?”

“काल आमच्या सेक्रेटरीला बरोबर उत्तर आलं. तर बाबा म्हणाले, फोड सांगा. त्याचा मजला मागं गेला, ताई. तो पार गच्चीपर्यंत गेला.”

“फोड आली का त्याला?”

 “तुम्ही सगळेच असे आहात,” शिरीष म्हणाला.

पुढच्या रविवारी तो काकांना स्वतः घेऊन आला. पुणं कसं, असं मी विचारलं. काका म्हणाले, “पाणी चोवीस तास. पण उत्तर आलं की माणसं गप्प बसतात.” शिरीषनं डिकीतून नवी कोरी कानस काढली. निंबाखाली उकिडवं बसून त्यानं पिंपाची कड सगळीकडून घासली, बोट फिरवून फिरवून बघितली.  मग अट घातली. आधी पाणी, मग कोडं. काकांनी मान हलवली. खिशातून चिंचोके काढून झाकणावर ठेवले. पुण्याला जाऊन आलेले चिंचोके.

अट पाळायची वेळ फारशी आलीच नाही. पाऊस उशिरा का होईना, पडला. टँकर बंद झाले आणि पिंपं गच्चीवर गेली. पुढं कोळ्याचं कोडं छापायचं पुरवणीनं बंद केलं. आपांनी पडेगावला, दौलताबाद रस्त्याला घर बांधलं. वेरूळ बघायला येणारे त्यांचे पाहुणे आता आधी त्यांच्याकडं अंघोळी करून जातात, अशी त्यांची तक्रार असते. पण बोलण्याचा सूर तक्रारीचा नसतो, त्यांच्या बोअरला पाणी लागलंय हे सांगायचं असतं. कोडी आता काका स्वतः रचतात. आलेखाच्या कागदावर काढून त्याचा फोटो आम्हा दोघींना पाठवतात. त्यांच्या कोड्यांत धरणं फार असतात.

परवा शिरीषचा फोन आला. सगळं तेच. टँकर सुरू होतोय म्हणे, बाबांचं वय झालं, तुम्ही सांगा त्यांना. आणि शेवटी, “ताई, यंदा पिंप रिकामं दिसलं तर मी खरंच ऐकणार नाही.” मी म्हटलं, बघते. मी बघते म्हणाले की बघते. म्हणून आज सकाळपासून घासते आहे. दुपारी नवऱ्याच्या मदतीनं काकांचं पिंप त्यांच्या फाटकाशी, निंबाखाली नेऊन ठेवलं. झाकण बसवलं. कडेवरून बोट फिरवून बघितलं. गुळगुळीत आहे. काकांना बजावलं, “उद्या सकाळी टँकर. आधी पाणी.”

“आधी पाणी,” काका म्हणाले. इतक्या लगेच म्हणाले की मला संशय आला.

३ मे. संशय खरा होता. सकाळी गेले तर झाकणावर चिंचोके मांडलेले, अक्षरं भरलेली. काका काठी टेकून शेजारी उभे आणि एक हात झाकणावर. “पहाटे जाग आली,” ते म्हणाले. “एकच राहिलंय.” त्यांच्या दुसऱ्या हातातल्या फोनमधून आपांचा आवाज येत होता, “काका, मधलं अक्षर तर सांगा.”

कुंडलिक आला. केस पांढरे झालेत, टँकर नवा आहे. त्यानं झाकणाकडं बघितलं, काकांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पाइप खाली ठेवला. “नाय,” तो म्हणाला. “परत नाय.”

मी काकांचा हात उचलून बाजूला केला. झाकण दोन्ही बाजूंनी धरलं आणि सरळ वर उचललं, आरतीचं ताट धरावं तसं, पातळी न बिघडवता. एक चिंचोका हलला नाही. छातीशी धरून एक पाऊल मागं सरकले. “भर,” मी कुंडलिकला म्हटलं.

पाणी पडायला लागलं. एवढी साधी गोष्ट त्या वर्षी तिघांपैकी एकालाही सुचली नव्हती. काका माझ्यासमोर येऊन, झाकणावर वाकून सूत्र मोठ्यानं वाचत राहिले. आपा पडेगावहून एकेक शब्द सुचवत राहिल्या आणि मी प्रत्येक शब्दाची फोड विचारत राहिले. पिंप काठोकाठ भरलं. हात भरून आले होते, पण सूत्र सुटलं नव्हतं, म्हणून झाकण जसंच्या तसं परत ठेवलं आणि शिरीषला फोन केला की भरलं.